शिंपीणमावशीचे निरोप

रेडिओ दुरुस्त करणारा दादा दुकानातल्या कॉम्प्युटरवर बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनच्या तारेवरून निरोप लिहायची-वाचायची सोय, चालवायचा. शेजारच्या शिंपीणमावशीचे कान तापात गेले होते, त्यामुळे लांबच्या गावी राहणाऱ्या बहिणीशी फोनवर बोलणं खुंटलं होतं. दादाने आपला बोर्ड बहिणीच्या गावच्या बोर्डाशी जोडून दिला. इथले निरोप एक्स्पोर्ट व्हायचे, म्हणजे तिकडे जायचे; तिथले इम्पोर्ट व्हायचे, म्हणजे इकडे यायचे. दोघी पडद्यावर पोटभर भांडायच्या, पोटभर हसायच्या.

बहीण अचानक गेली. दादा जोडणी काढायला बसला, तशी मावशीने त्याचा हात धरला.

“येणं बंद कर. जाणं राहू दे.”

“तिकडे वाचणार कोण?” त्याने पडद्यावर लिहिलं.

“कुणी नको वाचायला. मला बोलू दे.”

त्याने एक्स्पोर्ट चालू ठेवलं. मावशीने ‘ताई’ एवढंच लिहिलं. पुढे बोटंच चालेनात. डोळे पुसत ती उठली आणि शिवणयंत्रावर जाऊन बसली.