वहिनीला वाचून दाखवलेली पुस्तकं

तालुक्याच्या वाचनालयात बायकांचं म्हणून एक वेगळं कपाट होतं. वरच्या फळ्यांवर प्रेमाच्या कादंबऱ्या, खालच्या फळ्यांवर पुराणातल्या. तिसरा प्रकार नाही. मी तेव्हा अकरावीला होते, एस्टीनं तालुक्याला शाळेला जायची. एकदा मी समोरच्या, म्हणजे पुरुषांच्या कपाटातलं एक जाड पुस्तक बोट करून मागितलं. वाचनालयाचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते तुझ्या उपयोगाचं नाही. ही ने, पौराणिक आहे. घरातल्या मोठ्यांसमोर वाचलीस तरी कुणी काही म्हणणार नाही." मी मुकाट्यानं ती घेतली. तेव्हा मला त्या माणसाचा राग आला नाही. आता येतो.

आमचं गाव कृष्णाकाठी, साताऱ्यापासून खाली. घरचा ऊस. घरात आबा, आई, मी आणि वहिनी. थोरला भाऊ फौजेत होता, पार उत्तरेला. वहिनी कवठे महांकाळकडची. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या माहेरची विहीर आटली, गुरं छावणीत गेली, तेव्हा तिच्या बापानं पाण्याचं घर बघून मुलगी दिली. दादाच्या सुट्टीत आठ दिवसांत लग्न उरकलं. पुढच्या दिवाळीला तो एकदा येऊन गेला. त्यानंतर आला नाही.

वहिनी शाळेत गेलेली नव्हती. मला ती "वन्सं" म्हणायची आणि मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असूनही ती मला "तुमी" म्हणायची. मी तिला "तू" म्हणायची. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

दुपारी आबा रानात, आई जरा आडवी झालेली, अशा वेळी आम्ही दोघी घरामागच्या परड्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसायचो. वहिनी म्हणायची, "तुमच्या वाटच्या शेंगा मी फोडते, तुमी वाचा." मग मी वाचायची.

प्रेमाच्या कादंबऱ्यांना ती हसायची. त्यातला नायक नेहमी विलायतेहून आलेला, बंगल्यात राहणारा. नायिका गरीब पण गोरी. मधेच कसला तरी गैरसमज व्हायचा आणि ती पन्नास पानं खिडकीत उभी राहून रडायची. वहिनी विचारायची, "वन्सं, हिला येवढं रडायला सवड कवा गावती? भाकरी कोण थापतंय हिच्या घरात?"

मी हसायची, पण हळूहळू मला त्या पुस्तकांची चीड यायला लागली. तीनशे पानांत एक भांडं कुणी घासत नव्हतं. नायिकेची बोटं लेखक चाफ्याच्या कळीसारखी म्हणायचा. माझ्यासमोर वहिनीची बोटं होती. उसाच्या पाल्यानं चिरलेली, शेंगा फोडून अंगठ्याचं नख दुभंगलेलं. वाचता वाचता त्या हातांकडे नजर गेली की मी ओळ चुकायची. वाटायचं, हा लेखक कुणासाठी लिहितो? आम्ही दोघी त्याच्या हिशेबात कुठं आहोत?

पुराणातल्या कादंबऱ्यांना मात्र वहिनी हसायची नाही. पदर डोक्यावर घेऊन ऐकायची. त्यातल्या बायका वाट बघायच्या. नवरा युद्धाला गेलेला, तपाला गेलेला, शापानं कुठं अडकलेला. बाई दारात उभी. आणि लेखकांनी ते वाट बघणं इतकं सुंदर लिहिलेलं असायचं, की बाईनं दुसरं काही करणं म्हणजे पापच वाटावं. बाई जितकी झिजेल तितकी मोठी. वहिनीनं सोमवार धरले. मग गुरुवार धरले. मग चतुर्थी. एका पुस्तकातली राणी जमिनीवर निजायची, म्हणून हीही अंथरूण सोडून नुसत्या घोंगड्यावर निजायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "बॉर्डरवर त्येंला तरी कुटं गादी हाय?"

मला तेव्हा किंचाळावंसं वाटलं. कारण मला माहीत होतं.

दादाची पत्रं आबांच्या नावानं यायची आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आबांना जेमतेम सही यायची. दोन वर्षांपूर्वीच्या एका पत्रात दादानं लिहिलं होतं, की त्यानं तिकडेच एक बाई केली आहे, तिला मुलगा झाला आहे, आणि तो इतक्यात येणार नाही. मी ते पत्र गोठ्यात आबांना वाचून दाखवलं. आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मग म्हणाले, "ह्यातलं तिला काय बोलायचं न्हाई. सुट्टी मिळत न्हाई म्हणून सांग."

आई म्हणाली, "सांगशील तर पोरगी हिरीत उडी टाकंल. तुझ्या डोक्यावर पाप."

पाप माझ्या डोक्यावर! करणारा पंजाबात, लपवणारे पुढच्या सोप्यात बसलेले, आणि पाप चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर. मी घाबरले आणि गप्प बसले. पुढं कळायला लागलं तसं दिसलं, की पहाटेच्या धारा, शेणकूर, रानातल्या गड्यांसकट पंधरा माणसांच्या दोन वेळच्या भाकरी आणि उसातली भांगलण, हे सगळं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आईला विहिरीची भीती होती हे खरं असेल. पण वहिनी माहेरी निघून गेली तर, ही भीती त्याहून मोठी होती.

त्यानंतर आलेलं प्रत्येक पत्र मी आबांना खरं वाचलं आणि वहिनीला खोटं. "तुला आठवण काढलीय, तब्येतीला जप म्हणून लिहिलंय." ती लाजून आत जायची.

तर अशा दिवसांत ती एक कादंबरी आली. एका ऋषीची बायको. ऋषी बारा वर्षं तपाला जातो. ती अंगणात बसून राहते. तो परत येतो तेव्हा तिला ओळखतच नाही, "बाई, तू कोण?" म्हणून विचारतो. ती त्याचे पाय धुते, पायांवर डोकं ठेवते आणि प्राण सोडते. वरून देव फुलं टाकतात. संपलं.

शेवट मी आदल्या दिवशी एस्टीत वाचला होता. संतापानं पुस्तक खिडकीतून फेकून द्यावं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परड्यात मी वाचत वाचत त्या पानावर आले, वहिनीकडे बघितलं, आणि छापलेल्या ओळी सोडून भलतंच वाचायला लागले. तो "तू कोण?" म्हणतो. ती म्हणते, "हे घर माझं आहे. बारा वर्षं मी ते राखलं. तुम्ही आलात तसे जा." आणि ती घरात जाऊन कवाड लावून घेते.

वहिनीचे हात थांबले. "असंच लिवलंय?"

"व्हय."

"परत वाचा."

मी परत वाचलं. पण मनानं रचलेलं दुसऱ्यांदा तसंच्या तसं कसं येणार? कुठं शब्द पुढं-मागं झाला असेल. वहिनी पुन्हा शेंगा फोडायला लागली. संध्याकाळी चुलीपाशी मात्र म्हणाली, "वन्सं, मला अक्षरं शिकवा."

मला वाटलं, मी जिंकले. माझी जुनी पाटी मी माळ्यावरून काढली. वहिनीनं त्या पाटीवर जे कष्ट घेतले ते मी कॉलेजातही कुणाचे बघितले नाहीत. शेणानं सारवताना ती ओल्या जमिनीवर बोटानं अक्षरं काढायची आणि पुन्हा हात फिरवायची. सहा महिन्यांत तिला वाचता यायला लागलं. जोडाक्षरांना फार अडायची. एक दिवस म्हणाली, "ती ऋषीची कादंबरी परत आणा. मला स्वतः वाचायची हाय."

मी टाळलं. दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्या दप्तरात हात घालून वाचनालयाचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी कादंबरी आणली.

चार दिवस ती बोट ठेवून ठेवून वाचत होती. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती परड्यात बसलेली. पुस्तक मिटलेलं.

"तू बदललंस," ती म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला "तू" म्हटलं.

मी म्हणाले, "वैनी, तो शेवट लय वंगाळ होता. मला राग आला म्हणून..."

"तुला राग आला. आणि मला? मला वाटलं, छापलंय म्हंजी कवातरी कुठल्यातरी बाईनं खरंच कवाड लावलं आसंल. मी सहा म्हैने त्याच बाईच्या जोरावर जगले. आता कळतंय, तशी बाई नव्हतीच. तू व्हतीस."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "आणि पत्रं?"

आमच्याकडे आलेली पत्रं सोप्यातल्या खुंटीला टांगलेल्या एका तारेत टोचून ठेवायचे. तिच्या डोळ्यांसमोरच ती तार रोज होती. रोज ती तिच्याखालून केर काढायची. ती उठली, सोप्यात गेली आणि तारेतून पत्रं काढायला लागली. मी मागं धावले नाही.

बऱ्याच वेळानं आबा रानातून आले. त्यांच्याबरोबर चुलत चुलते होते. दोघं सोप्यात बसले. मोठ्यांसमोर आवाज न काढणारी वहिनी डोक्यावरचा पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिली आणि हातातलं आंतर्देशीय पत्र मोठ्यानं वाचायला लागली. एकेक अक्षर लावत, अडखळत. "मी ... इ-क-डे ... सं-सा-र ..."

आबा ओरडले, "आत जा!"

ती थांबली नाही. चुलते उठून चपला शोधायला लागले. तिनं त्यांनाही जाऊ दिलं नाही, म्हणजे हातानं अडवलं नाही, पण ती दारातच उभी होती. पत्राच्या शेवटी "थोरांना नमस्कार" होता. तोही तिनं वाचला. मग म्हणाली, "आबा, दोन वर्सं तुमी माझ्या हातची भाकरी खाल्लीत. घास कसा उतरला तुमच्या गळ्याखाली?"

आई आतून येऊन पहिलं वाक्य काय बोलली असेल? "हिला वाचायला कुणी शिकवलं?"

पोरानं काय केलं ते नाही. आपण काय लपवलं ते नाही. वाचायला कुणी शिकवलं! आबांचा हात माझ्या गालावर बसला तो त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. माझं वाचनालयात जाणं बंद झालं. शाळा मात्र मी हट्टानं टिकवली. तीन दिवस जेवले नाही तेव्हा.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं गेली. गाठोडं घ्यायला मी पुढं झाले तर म्हणाली, "नको वन्सं. माझं मी न्हेते." पुन्हा "वन्सं" झालं होतं. ते "तू"पेक्षा जास्त लागलं.

तीन-चार वर्षांनी मी सांगलीला कॉलेजात होते. एका शनिवारी स्टँडवर ती दिसली. उन्हानं काळवंडलेली, काखेत पुठ्ठ्याची फाईल. माहेरी गेल्यावर दोन वर्षं तिनं रोजगार हमीवर खडी फोडली. वाचता येतं म्हटल्यावर मुकादमानं तिला हजेरी घ्यायला बसवलं. आता प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले होते आणि गावातल्या बायकांचा वर्ग ती चालवत होती. त्याच कामाला सांगलीला आली होती.

आम्ही कँटीनच्या बाकावर चहा घेतला. मी सांगितलं, की दादा फौज सोडून बायकामुलांना घेऊन घरी आलाय, आईनं त्यांना ओवाळून घरात घेतलं, आबा म्हणतात झालं ते झालं. मी त्याच्याशी बोलत नाही. वहिनी म्हणाली, "ती बाई कशी हाय?"

"ती काय, बिचारी. तिला इथलं बोलणं समजत नाही. सगळं काम तिच्यावरच पडलंय."

वहिनीनं मान हलवली. मग मी विचारलं, वर्गातल्या बायका काय वाचतात. ती म्हणाली, "त्येंना पुराणातल्याच गोष्टी पायजेत. वनवासाच्या, उपासाच्या. मी देते."

माझा आवाज चढला. "वैनी, तू! तू देतेस त्यांना तसली पुस्तकं?"

"देते. त्यांस्नी आवडतंय त्येच आधी वाचू दे. तुमच्यासारखी मधीच बदलून वाचणारी कुणी नगं. काय लिवलंय ते त्येंचं त्येंला कळू दे, मग काय राग यायचा तो येऊ दे."

"आणि राग आलाच नाही तर?"

"न्हाई आला तर न्हाई," ती म्हणाली. पण तिचा पेला बाकावर जोरात आपटला होता.

कवठ्याची गाडी लागली. ती गर्दीत घुसून चढली, खिडकीपाशी बसली आणि फाईल मांडीवर घेतली. मी खिडकीखाली जाऊन म्हणाले, "वैनी, मी चुकले." तिनं ऐकलं. म्हणाली, "व्हय, चुकलात." कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी निघाली.