शेळी बांधलेली संगीन

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे शेळी येते, गुन्हा नंतर.

भोरला नेमणुकीस असताना एका सकाळी हिर्डोशीच्या अंगाच्या एका पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, वरच्या वस्तीवर संगीन हाय. लौकर या."

आमच्या खात्यात संगीन म्हणजे गंभीर. पुढचं मी ऐकलंच नाही. खून धरून चाललो आणि चार शिपाई, पंच, वर फोटोग्राफर असा लवाजमा घेऊन निघालो. गाडीरस्ता संपल्यावर उभी चढण. माझं पोट माझ्या पुढे चालत होतं. वर पोचलो तर पाटील एका शेळीकडे बोट दाखवत उभे. शेळीचा दोर जमिनीत रोवलेल्या जुन्या संगिनीच्या कडीत बांधलेला. बंदुकीच्या नळीवर चढवतात ते लांब पातं, ती संगीन!

"म्या संगीनच म्हनलो हुतो," पाटील म्हणाले. "मयत हाय म्हनून कोन बोललं?"

फेरा अगदीच वाया नव्हता. भोरातल्या एका वकिलांना जुन्या संगिनी जमवायचा नाद. घराला रंग देताना त्यांच्या भिंतीवरची एक नाहीशी झाली होती आणि तिचं वर्णन गावोगावच्या पाटलांना मीच कळवलं होतं. ही संगीन त्या वर्णनाबरहुकूम निघाली.

शेरडं राखणारा चाळिशीचा गडी पुढे आला.

"कुठून आणलीस?"

"आज्ज्याची हाय. लढाईवर हुता."

"कागद आहे काही?"

"हुता की. शेरडानं खाल्ला."

शिपाई हसले, मी नाही. पंचनामा केला, संगीन उपटून जप्त केली, दोराचं टोक त्याच्या आईच्या हातात दिलं आणि त्याला घेऊन उतरलो. म्हातारी एवढंच म्हणाली, "घरात दुसरा गडी न्हाई, सायेब. सांजच्याला सोडा त्याला."

ठाण्यात त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. यानं एक शब्द वाढवला नाही. तरीही मी ते निगरगट्टपणात जमा केलं.

दुपारी वकीलसाहेब भिंग घेऊन आले. पात्याच्या मुळाशी मुकुटाचा छाप, खाली कारखान्यातल्या तपासनिसाचे बारीक ठसे, मुठीला बंदुकीवर अडकवायची खाच. सगळं त्यांनी लहान मुलाची नाडी बघावी तसं पाहिलं.

"नमुना हाच," ते म्हणाले.

"क्रमांक?"

"माझ्या संगिनीवरचा घासून गेलाय. हिचाही गेलाय."

"मग ओळख पटली म्हणून लिहू?"

ते कडीत करंगळी घालून फिरवत राहिले. "हे बघा साहेब. ही कडी नळीवर बसते, म्हणजे गोल हवी. ही एका अंगानं झिजून लांबट झालीय, आतून गुळगुळीत. दोरानं लोखंड इतकं झिजायला माणसाचा जन्म जातो. माझी तर नुसती भिंतीवर होती." मग भिंग पुसत हळूच म्हणाले, "माझी असती तर बरं झालं असतं हो. माझ्या संगिनीची मूठ फुटकी आहे. हिचं लाकूड बघा!"

एक 'हो' म्हटलं असतं तर संगीन त्यांची आणि तो गडी कोठडीत. लिहायला मी बसलेलोच होतो.

त्याला संध्याकाळी सोडलं. वकिलांची संगीन पुढे त्यांच्याच माळ्यावर सतरंजीच्या गुंडाळीत निघाली. रंगकामाच्या गडबडीत घरच्यांनीच ठेवलेली. गड्याची संगीन त्याला कोर्टाच्या हुकुमानं परत मिळाली. वकिलांनी बदल्यात नवी लोखंडी खुंटी देऊ केली होती. म्हातारीनं नको म्हणून सांगितलं.

वस्तू कोणाची हे ठरवण्याआधी ती कशाच्या उपयोगात होती ते बघावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. वकिलांना भिंगातून दिसलं ते मला वस्तीवर उघड्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. शेळी, दोर, कडी, सगळं समोर होतं. माझ्या पंचनाम्यात शेळीचा उल्लेखच नाही.

त्या रात्री घरी जेवताना बायकोला हे सगळं ऐटीत सांगितलं. कडीच्या झिजेवरून निरपराध माणूस कसा सुटला वगैरे. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"ते झालं," ती म्हणाली. "पण लेक परत वर पोचेपर्यंत ती म्हातारी दोर हातात धरूनच बसली असेल का हो?"