लिस्बन म्हणजे पॅरामॅटासारखंच

हे मी समीरलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. समीर माझा नवरा. त्याला यातलं अर्धं माहीत आहे, आणि त्या अर्ध्यावर तो माझ्याशी चांगला वागतो – म्हणून उरलेलं सांगायची हिंमत कधी झाली नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित. ओळखत असता तर मध्येच उठून गेला असता.

तसं पाहिलं तर काहीच घडलेलं नाही. कोणी मेलं नाही, कोणाचा संसार मोडला नाही. मी दहा दिवस लिस्बनला गेले, मजा केली, परत आले. एवढंच. मग अजूनही कुठे ते नाव निघालं की मी उठून चहा का टाकते? याचं मलाच कुतूहल आहे. स्वतःकडे जरा लांबून बघितलं की वाटतं, ही बाई नक्की कशाला घाबरते?

आधी आईबद्दल सांगते. आई भयंकर चौकस. ती पहिल्यांदा सिडनीला आली, तेव्हा आठवड्याभरात तिला क्वेकर्स हिलमधल्या आमच्या गल्लीची खडानखडा माहिती होती – कोणाचा कुत्रा आजारी आहे, कोणाच्या झाडाची लिंबं वाया जाताहेत, समोरची फिजीची बाई टॅरोच्या, म्हणजे अळूच्या, पानांचं काय करते. मी त्या गल्लीत सहा वर्षं राहत होते आणि मला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं. आईचं इंग्लिश पोस्टाच्या काउंटरपुरतं. अलिबागच्या पोस्टात तिची सगळी नोकरी झाली. पण तिचं कुठे अडत नाही. ती सरळ विचारते, आणि लोक सांगतात.

आई मूळची रेवदंड्याची. अलिबागच्या खाली, समुद्राला लागून, पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत वसलेलं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतच मध्ये कुठेतरी चर्चची उरलेली भिंत. शाळेतली तिची मैत्रीण रोझा खाडीपलीकडच्या कोर्लईची. रोझाच्या घरी अजूनही पोर्तुगीज मिसळलेली भाषा बोलायचे. आई तिच्याकडून शब्द शिकून यायची आणि घरी बोलून दाखवून धपाटे खायची. एकदा इतिहासाच्या तासाला तिने विचारलं, "सर, ते लोक इतक्या लांब आले, म्हणजे त्यांच्या गावात कमी काय होतं?" सरांनी तिला बाकावर उभं केलं. उत्तर काही मिळालं नाही. पुढे नोकरी, लग्न, मी, बाबांचं आजारपण – सगळं झालं, पण तो प्रश्न तिने सोडला नाही. कुठे जगाचा नकाशा दिसला की आईचं बोट पोर्तुगालवर. "एकदा ते गाव बघायचंय गं. जिथून जहाजं सुटली तो किनारा तरी." हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की मला ते ऐकू येईनासं झालं होतं.

आता प्रवास. ईशा, माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. मी सिडनीतल्याच पॅरामॅटाला एका बँकेच्या आयटीत, समीरचंही ऑफिस तिकडेच. युनिव्हर्सिटीत असताना आम्ही चौघी एका घरात राहायचो. त्या मैत्रिणींनी ठरवलं की चाळिशी आली, आता एकदा फक्त आपण चौघींनीच जायचं. नवरे नाहीत, पोरं नाहीत. प्रीती, आमच्यातली इंदूरची, म्हणाली – लिस्बन. जूनमध्ये तिथे एका संताचा सण असतो, अख्खं शहर रस्त्यावर उतरतं.

आईला मी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे.

किती सहज निघालं तोंडातून! आई तेव्हा आमच्याकडेच होती, ईशाला तीच सांभाळायची; भाजी निवडत बसली होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. "लिस्बनला? आपल्या लिस्बनला?" आणि लगेच, "पण तुला बघायला वेळ मिळेल का गं?" तिने 'मी येऊ का' असं विचारलं नाही. ऑफिसच्या कामात कसं विचारणार? तेवढ्यासाठीच तर मी ऑफिस मध्ये आणलं होतं. समीर ओट्यापाशी उभा होता. रात्री म्हणाला, "सांगून टाकायचंस ना, मैत्रिणींबरोबर जातेय म्हणून. काय झालं असतं?" मी म्हटलं, तिला वाईट वाटेल. हे झालं त्याला माहीत असलेलं अर्धं.

आणि लिस्बन? काय सांगू तुम्हाला. सगळं शहर चढउतारांचं, आणि त्या चढांवरून पिवळ्या ट्राम कुरकुरत जातात, इतक्या अरुंद बोळांतून की हात बाहेर काढला तर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला लागेल. घरांच्या भिंतींवर बाहेरून निळ्या-पांढऱ्या फरशा. प्रत्येक चढाच्या टोकाला एक मोकळी जागा, तिथून खाली लाल कौलांची छपरं आणि पलीकडे नदी. संध्याकाळी लोक तिथे नुसते येऊन बसतात, कोणी गिटार वाजवतं. जुन्या वस्तीत बार आहेत, पण बारमध्ये कोणी बसतच नाही. ग्लास घ्यायचा आणि रस्त्यावर यायचं, रस्ता हाच दिवाणखाना. आम्हीही उभ्या राहिलो. मी वाइन प्यायले, अनोळखी लोकांशी बोलले, मोठमोठ्याने हसले. एका लहानशा खानावळीत गाणं ऐकलं. गाणारी बाई उभी राहिली की दिवे मंद होतात आणि वाढणारे वेटरसुद्धा जागच्या जागी थांबतात. एक शब्द कळला नाही, पण गाणं संपेपर्यंत मी ताटाला हात लावला नाही.

आणि तो सण! बोळाबोळांत कागदी पताका, दारादारात शेगड्या, आणि शेगड्यांवर – तारल्या. आपल्या तारल्या हो, तीच मासळी! जाडं मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेल्या, पावावर ठेवून देतात. धुराने डोळे चुरचुरत होते. आईच्या वयाच्या बायका उंबऱ्यापाशी टेबल मांडून आंबट चेरीची दारू इवल्याशा कपांतून विकत होत्या आणि मधूनच उठून नाचत होत्या. एकीने माझा हात धरून मला नाचात ओढलं. आई तिथे असती तर तिने त्या बाईकडून पाच मिनिटांत तारल्या साफ करण्यापासून सुनेच्या तक्रारीपर्यंत सगळं काढून घेतलं असतं. हे माझ्या मनात आलं. आलं, आणि मी नाचत राहिले.

जिथून जहाजं सुटली तो किनाराही पाहिला. अंड्याचं कस्टर्ड भरलेली पेस्ट्रीची गरम वाटी खात तिथे उभी होते. नदी तिथे इतकी रुंद आहे की समुद्रच वाटतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे काही दिसलं नाही, पण तिला दिसलं असतं असं वाटतं. तिला दगडांतूनही माहिती मिळते.

आणि रोज सकाळी – सिडनीत तेव्हा संध्याकाळ असायची – मी आईला व्हिडिओ कॉल करायचे. त्यासाठी मुद्दाम एक फॉर्मल शर्ट नेला होता. गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड घालायचे आणि पाठीमागे कोरी भिंत येईल अशी बसायचे. इतकी तयारी मी खऱ्या ट्रेनिंगलाही कधी केली नाही. एकदा चार्जर घ्यायला उठले तर ईशा ओरडली, "मम्मा, व्हाय आर यू वेअरिंग पजामाज विथ युअर वर्क शर्ट?" माझी पाचावर धारण बसली. आईच म्हणाली, "असू दे गं, घाई होते तिची सकाळची."

ती विचारत राहायची. घरांना कौलं आहेत का आपल्यासारखी? बायका दारात बसतात का? मासळी कुठली खातात? नदी दिसते का तुझ्या खिडकीतून? खिडकीतून नदी दिसत होती. मी म्हणायचे, "अगं, हॉटेल ते ऑफिस, ऑफिस ते हॉटेल. काचेच्या बिल्डिंगा आणि ट्राम. पाहण्यासारखं काही नाही गं. आपल्या पॅरामॅटासारखंच आहे."

एक दिवस नाही. रोज. आणि ती रोज नवा प्रश्न काढायची. शेवटचे दोन दिवस मात्र तिने काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "जेवलीस का? दमलेली दिसतेस." खरं तर आदल्या रात्रीचं जागरण होतं.

परत आले. फोनमधले फोटो काढून टाकले, मैत्रिणींना मला टॅग करू नका म्हणून सांगितलं. आई तिच्या वेळेला अलिबागला परत गेली. इथेच संपलं असतं तर ते एक साधं खोटं राहिलं असतं, तुमच्या-माझ्या घरात असतात तसलं. पण पुढच्या वर्षी अलिबागच्या कुंदाताई – आईबरोबर पोस्टात होत्या त्या – आणि आणखी काही जणी स्पेन-पोर्तुगालच्या टूरला निघाल्या. आपलीच टूर, बरोबर मराठी गाइड, संध्याकाळी वरण-भात. आईला त्यांनी किती आग्रह केला. आईने मला फोनवर हसत हसत सांगितलं, "मी नाही म्हटलं त्यांना. म्हटलं, माझी मुलगी राहून आलीये. लिस्बन म्हणजे पॅरामॅटासारखंच. आणि पॅरामॅटा मी पाहिलंय!"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. आई, मी खोटं बोलले, तू जा. नाव नोंदवायला अजून वेळ होता. मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "बरं केलंस. तुझे गुडघे पण दुखतात."

कुंदाताई जाऊन आल्या. त्यांनी ट्रामचे, फरशांचे, त्या किनाऱ्याचे फोटो पाठवले. आईने ते सगळे मला पाठवले आणि मग फोन केला. मी तयारीत होते. वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "हे सगळं तुझ्या हॉटेलच्या मागेच असणार बघ. बिचारी तू! किती राबवलं तुला त्या लोकांनी." माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

आता ते, जे समीरलाही माहीत नाही. मी तुमच्याशीसुद्धा एवढा वेळ त्याच्या भोवतीभोवतीच फिरतेय. आमचा बेत जानेवारीत ठरला. आई तेव्हा भारतातच होती, व्हिसाला भरपूर वेळ होता. प्रीती फोनवर म्हणाली होती, "यार, आंटी को भी ले चल ना! उन्हीं की वजह से तो लिस्बन सूझा मुझे." आईनेच मागच्या खेपेला तिला आमच्या घरी बसून कोटाची आणि रोझाची गोष्ट सांगितली होती. म्हणजे ते शहर मुळात आईमुळे ठरलं होतं. अपार्टमेंटमध्ये एक पलंग जास्तीचा होता. बाकीच्या दोघीही हो म्हणाल्या. समीरला विचारलं असतं तर त्याने ईशासाठी सुट्टी टाकली असती – म्हणूनच मी विचारलं नाही. मी मैत्रिणींना सांगितलं, आईला लांबचा विमानप्रवास झेपत नाही.

जी आई मुंबईहून एकटी, सिंगापूरला विमान बदलून, आमच्यासाठी मेतकूट आणि ईशासाठी शिवलेले फ्रॉक घेऊन यायची, तिच्याबद्दल.

का? मी बरंच शोधलंय. मला हळू चालायचं नव्हतं. तिच्यासमोर वाइन प्यायची नव्हती. पण तेही खरं कारण नाही. आई जिथे जाते तिथे ते ठिकाण तिचं होऊन जातं – लोक तिच्याशी बोलतात, तिला दाखवतात, मी नुसती पिशवी धरून उभी. मला एक शहर हवं होतं जे माझं असेल. आणि मी तिचंच घेतलं. तो जास्तीचा पलंग दहा दिवस आमच्या पर्सेस ठेवायला वापरला.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता. बोलणं, स्मरण, चौकसपणा सगळं शाबूत आहे, पण डावा पाय ओढत चालते. विमानप्रवास आता नाहीच, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी बोलले होते ते आता खरं झालं.

मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "मनू, तुम्ही एकदा लिस्बनला जाऊन या. समीर, ईशा, सगळे. तुझं तेव्हा सगळंच राहून गेलं." मग कुंदाताईंच्या गाइडने सांगितलेलं मला सांगू लागली. जूनच्या सणाला म्हणे तिथे दारोदारी तुळशीसारखं एक रोप विकतात, बारीक पानांचं, गोल गरगरीत, त्यात कागदाचं फूल खोचलेलं. नाक लावून त्याचा वास घ्यायचा नाही, रोप कोमेजतं. तळहाताने हलकेच थोपटायचं आणि हात हुंगायचा.

मी ते रोप घेतलं होतं. सणाच्या संध्याकाळी, त्या नाचणाऱ्या बाईकडूनच. ते माझ्या खिडकीत होतं, आणि रोज आईचा कॉल संपला की मी त्यावरून हात फिरवायचे. ऑस्ट्रेलियात रोपं आणू देत नाहीत, म्हणून निघताना तिथेच सोडलं.

"हो का?" मी म्हटलं. "आणि वास कसा असतो म्हणे?"

"ते काही कुंदाने सांगितलं नाही," आई म्हणाली. "तू गेलीस की घे, आणि मला सांग."

"सांगेन," मी म्हटलं.