बाबा वारले असं सांग

बामचा वास आला की टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची नागपुरातली निवड आठवते. मी दहा वर्षांची होते. गाणं संपताच चॅनेलच्या माणसानं डोळ्यांत पाणी यावं म्हणून माझ्या डोळ्यांखाली बाम चोळला आणि म्हणाला, "कॅमेऱ्यात बघून सांग, बाबा वारले." मला पारशिवनीहून घेऊन आलेले बाबा शेजारीच उभे होते. ते हसले. "सांग वं, मी काही खरंच मरून नाही राहिलो." मी सांगितलं आणि माझी निवड झाली. कार्यक्रम लागला तेव्हा खाप्याची लांबची आत्या रडत घरी आली. दार बाबांनीच उघडलं. आत्याचा तो राग अजून गेला नाही. आता नागपुरातल्या नंदनवन वस्तीत मी गाणं शिकवते. मुलं मागायला येणाऱ्या चॅनेलवाल्यांकडून आधी लिहून घेते, मूल फक्त गाईल. बाकी सगळ्यावर घासाघीस करते, या ओळीवर नाही.