पाठातला ठ

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण एका अक्षरापायी जीव जायची पाळी आली ती एकदाच. चहा गार होऊ देऊ नका, ऐकता ऐकता प्या. आणि हसायचंच असेल तर शेवटी हसा. मधे मी इतका घाबरलेलो आहे, की तुम्ही हसलात तर मला खरंच वाईट वाटेल.

गोष्ट स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची. मी पुण्याचा, पेठेत वाढलेला. ट्रेनिंग कॉलेजातून नुकता बाहेर पडलो आणि बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला एक गाव लागतं, तिथल्या शाळेवर नेमणूक झाली. नोकरी कच्ची. डिपुटी साहेब येणार, माझा एक पाठ बघणार, आणि मग मी कायम व्हायचं की पुण्याला जाऊन वडिलांची बोलणी खायची, ते ठरणार. सगळं त्या एका पाठावर!

त्या काळी प्रकल्प पद्धतीचं फार वेड होतं. पुस्तक बाजूला ठेवायचं, गावातला एखादा धंदा घ्यायचा आणि त्याच्याभोवती सगळे विषय गुंफायचे. मी चौथीसाठी गुऱ्हाळ निवडलं. उसाचं वजन म्हणजे गणित, कालवा म्हणजे भूगोल, रस उकळला की विज्ञान, आणि शेवटी ‘मी गुळाची ढेप बोलतेय’ हा निबंध. रात्रंदिवस मी त्याची आखणी करत होतो. आमच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, की जो माणूस तो धंदा करतो त्याला बरोबर घेऊनच पाठ करा.

आता गावातलं मोठं गुऱ्हाळ होतं कृष्णाबाईंचं. बाई तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरात दोन मुलगे, थोरला माझ्याच चौथीत. त्यांचे थोरले दीर सोपानतात्या वांगी-टोमॅटोचा मळा बघायचे, ऊस आणि गुऱ्हाळ मात्र बाईंच्या हातात. बोलणं कमी. पण एकदा बोलल्या की गडीच काय, बैलसुद्धा दुसऱ्यांदा सांगायची वाट बघत नसत.

प्राध्यापकांनी आणखीही एक कानमंत्र दिला होता. गावात गावाच्या बोलीत बोला, तरच लोक जवळ करतील. इथेच माझा घात झाला, कारण मला व्याकरणाची भारी हौस. मी आठवडाभर कान लावून ऐकलं. हे लोक ‘आम्ही’ला ‘आमी’ म्हणतात, ‘तुम्ही’ला ‘तुमी’. म्हणजे ह गाळायचा. ठीक. पण मग ‘ठ’ म्हणजे तरी काय? ट अधिक ह. ‘भ’ म्हणजे ब अधिक ह. तिथला ह तरी कशाला ठेवा? नियम म्हणजे नियम. झालं, मी भाकरीला बाकरी म्हणू लागलो आणि घोड्याला गोडा. गावात असं कोणीच बोलत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं की नाही? पण शिकलेल्या माणसाला एकदा नियम सापडला की त्याला कान राहत नाहीत.

हेडमास्तरांशी मी शुद्ध बोलायचो, त्यामुळे त्यांना या संशोधनाचा पत्ता नव्हता. आणि नेमके तेव्हा ते रजा काढून बारामतीला गेले होते.

तर मी तात्यांना भेटायला मळ्यात गेलो. ते बाजारासाठी वांगी निवडत बसले होते. मी रामराम केला आणि सरळ मुद्द्यावर आलो.

“तात्या, तुमच्या कृष्णाबाईंसंगं पाट करायचा हाय.”

तात्यांच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. “कुनी?”

“मीच की.”

तात्यांनी वांगं खाली ठेवलं. मग म्हणाले, “तुमच्या घरच्यास्नी ठावं हाय का ह्ये?”

“त्यास्नी कशाला सांगायचं? वरच्या सायबांना कळवलंय. ते सोता बगायला येनार हायत.”

“आन् पोरांचं कसं?”

“पोरं तर पायजेतच,” मी म्हणालो. “पोरंच न्हाईत तर पाट करायचा कुनासाटी?”

यावर तात्यांचे डोळे भरून आले हो! त्यांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले. मला वाटलं, काय ही शिक्षणाविषयीची तळमळ. मग मला जोर चढला. मी त्यांना सांगितलं, की हा विचार आजचा नाही, ट्रेनिंगला होतो तेव्हापासूनचा आहे. कोणाबरोबर करायचा एवढंच काय ते इथे आल्यावर ठरवलं. तात्यांच्या कपाळाला एक आठी पडली. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

“आन् ह्यो नीट पार पडला म्हंजे संक्रांतीनंतर दुसरा, कुंबाराच्या सारजाबाईंसंगं. तिसरा सुईनबाईंसंगं. सरकारचा हुकूमच हाय तात्या, मास्तरानं साली तीन पाट तरी करायचे.”

आता तुम्ही खेड्यातले असाल तर एव्हाना कपाळावर हात मारून घेतला असेल. पाट लावणं, पाट करणं म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्या भावकीत ते रीतीला धरून होतं, त्यात वावगं काही नव्हतं. पण पुण्याच्या पेठेत मला हा शब्द कोणी शिकवला नव्हता. मला पाट दोनच माहीत होते, एक पाण्याचा आणि एक जेवायला बसायचा.

तात्या उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “बावड्यास्नं बाबूरावाला बोलवाय लागंल.” एवढं बोलून ते निघून गेले. बाबूराव म्हणजे कृष्णाबाईंचा सख्खा भाऊ. इंदापूर तालुक्यात नावाजलेला पैलवान. गुऱ्हाळाच्या पाठात पैलवानाचं काय काम, असा प्रश्न मला पडला, पण उसाच्या मोळ्या उचलायला असेल असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव बदललं. दूध घालणाऱ्या आजी रोज दोन शब्द बोलून जायच्या, त्यांनी त्या दिवशी लांबूनच दूध ओतलं आणि पदर सावरत घाईघाईने गेल्या. चावडीवरून गेलो तर गप्पा बंद. कुंभारवाड्यासमोर सारजाबाई उभ्या होत्या. वय सत्तरीचं. मला बघितलं आणि त्यांनी धाडकन दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाजही मला ऐकू आला.

दुपारी शाळेतून खोलीवर आलो तर आडातून पाणी काढायचा माझा दोर गायब. शोधता शोधता कळलं, की दाढीचा वस्तराही नाही. विळीही नाही. खोलीतली धार असलेली प्रत्येक वस्तू कोणीतरी उचलून नेली होती. माणसाला निःशस्त्र का करतात, हे सांगायला ट्रेनिंग कॉलेज लागत नाही.

संध्याकाळी कालव्यावर हातपाय धुवायला गेलो. मागे वळून बघतो तर तात्यांच्या मळ्यातले चार गडी, खांद्यावर ऊसतोडीचे कोयते. मी थांबलो की ते थांबत, मी चाललो की ते चालत. मी पाण्याकडे एक पाऊल टाकलं तर चौघे एकदम पुढे सरकले. मी हातपाय न धुताच परतलो. घशाला कोरड पडली होती आणि पाणी काढायला दोर नव्हता!

मी काय गुन्हा केला, याचा विचार करून डोकं फुटायची वेळ आली. शेवटी ठरवलं की हे त्या उकळत्या काहिलीमुळे असणार. एवढी मोठी रसाची कढई, खाली जाळ, आणि मी त्यांच्या पोरांना तिथे घेऊन जाणार. कोणत्या आईबापांना राग येणार नाही? माझं मलाच पटलं. पण त्याने भीती कमी झाली नाही, उलट वाढली. पोराच्या काळजीने पेटलेला माणूस काहीही करतो. उसाचे फड तर चारी बाजूंना, एखादा मास्तर त्यात पुरला तर तोडणी येईपर्यंत कोणाला कळणार होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हाय खाल्ली. नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं, भिगवण स्टेशन गाठावं आणि मिळेल त्या गाडीने पुणं जवळ करावं. ट्रंक डोक्यावर घेतली आणि मागल्या वाटेने निघालो. ओढ्यापाशी ते चौघे हजर. त्यातल्या एकाने माझ्या डोक्यावरची ट्रंक उतरवली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, “चला मास्तर, बाबूराव आल्यात.”

शाळेच्या खोलीत बाबूराव बसले होते. मुलांच्या बाकावर मावत नव्हते म्हणून जमिनीवर. मला बघून उठले, दार लोटून घेतलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात एकटाच माझ्याएवढा होता.

“मास्तर, मन घट करून ऐका,” ते म्हणाले. “बाई न्हाय म्हनती.”

मला काय वाटलं असेल? बाई नाही म्हणते म्हणजे गुऱ्हाळ नाही, गुऱ्हाळ नाही म्हणजे पाठ नाही, आणि साहेब तर उद्या येणार. भीतीपेक्षा नोकरी मोठी झाली हो. मी त्यांचे पाय धरले.

“आसं करू नका बाबूराव. माजी नोकरी जाईल. सायेब उद्या येनार. येक पाऊन तास द्या. पाऊन तासात पाट उरकतो, पोरं टाळ्या वाजवतील, सायेब शेरा लिवतील, आन् मग त्यांचा माजा काय संबंद न्हाय.”

बाबूरावांनी हात काढून घेतला. शांतपणे पटका उतरवून बाकावर ठेवला आणि बाह्या सारायला लागले.

“पाऊन तासाचा पाट,” ते म्हणाले. “माझ्या बहिनीचा.”

मी डोळे मिटले. आई आठवली, आणि का कोण जाणे, त्रैराशिकाचं गणित आठवलं. तेवढ्यात दार उघडलं आणि हेडमास्तर आत आले, हातात पिशवी, बारामतीहून नुकतेच उतरलेले. मी धावत त्यांच्या मागे जाऊन लपलो आणि माझ्या पुणेरी मराठीत ओरडलो, “गुरुजी, हे मला पाठ करू देत नाहीत हो! गुऱ्हाळाचा प्रकल्प आहे, कृष्णाबाईंना घेऊन पाठ करायचा आहे!”

बाबूरावांची बाही अर्ध्यावर थांबली. “काय करायचा हाय म्हनला?”

“पाठ.”

“ठ?”

“ठ,” मी म्हणालो.

हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या उतरवलेल्या पटक्याकडे बघितलं, आणि सगळं समजून मटकन बाकावर बसले. त्यांनी मला बाजूला घेऊन पाट या शब्दाचा तिसरा अर्थ सांगितला. मग मीही बसलो. सारजाबाईंचं बंद झालेलं दार डोळ्यांपुढे आलं आणि मला पुन्हा घाम फुटला.

बाबूराव हसायला लागले ते थांबेनात. हसता हसताच त्यांनी सांगितलं, की मला मारायचा विचार त्या घडीपर्यंत कोणाच्याच मनात नव्हता. मास्तर एकटा राहतो, हाताने करून खातो, एका दमात तीन बायकांची नावं घेतो, त्यातली एक सत्तरीची, म्हणजे बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तात्यांनी गावाला सांगितलं होतं. त्यात बाईंनी त्याच रात्री नकार दिलेला. तो ऐकून मास्तरने जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये, म्हणून दोर नेला, वस्तरा नेला, आणि कालव्यात उडी टाकू नये म्हणून चार गडी मागावर ठेवले. नकार माहेरच्या माणसाने गोडीत सांगावा, म्हणून बाबूराव बावड्याहून आले होते.

पाठ दुसऱ्या दिवशी झाला, आणि काय झाला म्हणून सांगू! साहेबांसमोर मी सगळे ह जागच्या जागी ठेवले. कृष्णाबाईंनी मुलांना रसाला उकळी कधी फुटते, वरची मळी कधी काढायची ते दाखवलं, मुलांनी वजनं केली, निबंध वाचले. डिपुटी साहेबांनी काकवी चाटत शेरा लिहिला, ‘शिक्षकाचे भाषेवर प्रभुत्व आहे.’ मी कायम झालो.

इथेच थांबलो असतो तर अब्रू राहिली असती. पण माणसाचा स्वभाव बघा. साहेब गेले, आणि मला आतून टोचायला लागलं. मी मागणी घातलीच नव्हती, हे खरं. पण नकार तर आला होता ना? सरकारी नोकरी, घरचा बरा, दिसायलाही अगदीच टाकाऊ नाही. नाही म्हणण्यासारखं काय होतं माझ्यात? न राहवून मी तात्यांना बाजूला घेऊन विचारलंच. तात्यांनी नजर चुकवली. उत्तर काहिलीपाशी उभ्या असलेल्या कृष्णाबाईंनीच दिलं.

“रागाला येऊ नगा मास्तर, मानूस तुमी भला हाय. पर तुमाला बोलता येत न्हाय. बाकरी म्हनता, गोडा म्हनता. माझा थोरला बी आता घरी बाकरी मागाय लागलाय. शाळंत हाय तेवढंच लई झालं, आनिक घरात कशाला? आज सायबाम्होरं जीव काढून नीट बोललासा, ते मी बघितलं. निस्ता घाम निथळत हुता.”

मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि वेखंडाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. मधात उगाळून जिभेला लावायचा म्हणाल्या, बोबडेपणा जातो, धाकट्याला गुण आला होता.

मी तो नियम, ते व्याकरण, ते ट अधिक ह, सगळं सांगायला तोंड उघडलं. पण गुऱ्हाळावरची सगळी माणसं माझ्याकडे इतक्या आशेने बघत होती, की मी तोंड मिटलं. आणि भाषेवर प्रभुत्व असलेल्या, कायम झालेल्या या शिक्षकाने मान खाली घालून विचारलं, “दिवसातनं किती येळा लावायचं?”