व्हिजिटची वाट आखणारा धनाजी

"पोरं नकोत म्हणलं की न्हाय मी? एकदा सांगितल्यालं कळत न्हाय व्हय?"

"मग हौद कशानं झाकू, अण्णा? माझ्या लुगड्यानं?"

"कशानं बी झाक. न्हायतर ऱ्हाऊ दे उघडा. पण हितं पोरगं उभं करायचं न्हाय."

शरणम्मानं झाडू भिंतीला टेकवला आणि कमरेवर हात ठेवून ती धनाजीकडं बघत राहिली. भवानी पेठेतल्या ह्या खाजगी शाळेची ती सेविका. माहेर अक्कलकोटाकडं, त्यामुळं बोलणं निम्मं कन्नड सुरातलं. तीन हेडमास्तर आले नि गेले, शरणम्मा तिथंच.

"अय्यो, मॅडमनीच सांगितलंय की. चार पोरी, हातात गुलाब. तुमचीच आयडिया म्हणत हुत्या. सगळ्या शाळांत तुमी तसंच करतासा म्हणं."

"करत हुतो. आता करत न्हाय."

"का वो?"

ह्याचं उत्तर धनाजीनं अजून कुणाला दिलं नव्हतं. त्यानं खिशातनं खडूचा तुकडा काढला आणि फरशीवर बाण काढायला वाकला.

धनाजी मूळचा जेऊरचा. रान भावाला सोडून तो सोलापुरात आला आणि एका शाळेत चौदा वर्षं क्लार्क म्हणून राबला. ती शाळा बंद पडली, पण तोवर शाळेच्या कागदाची नस त्याच्या बोटांत उतरली होती. खाजगी शाळेला दर तीन वर्षांनी मान्यता नवी करून घ्यावी लागते. पूर्वी शिक्षण खात्याचा साहेब जीपनं यायचा, ऑफिसात बसून पोहे खायचा आणि तिथंच सही करायचा. आता साहेब येत नाही. तो त्याच्या टेबलाशी बसतो, समोर कॉम्प्युटर. इकडं शाळेतला एकजण फोन धरून त्याला शाळा फिरवून दाखवतो. वर्ग दाखवा, रॅम्प दाखवा, आग विझवायचा सिलिंडर दाखवा, मुलींचे संडास दाखवा. साहेबाला दिसलं ते आहे, नाही दिसलं ते नाही.

फोन धरून चालणं हे धनाजीचं काम. डोक्यावर भरली घागर असल्यागत चालायचं, फोन छातीशी, हात हलू द्यायचा नाही. आणि त्याआधी वाट आखायची. कोपऱ्यात खडूचा बारका बाण म्हणजे इथं वळायचं. गोल म्हणजे थांबायचं, मनात दहा म्हणायचं. फुली म्हणजे रेंज जाते, पाय उचला. जिथं काही धड नाही तिथं बाणच जात नाही. शहरातल्या आणि बार्शीकडच्या मिळून चाळीसेक शाळा त्यानं अशा नव्या मान्यतेतनं पार नेल्या.

आणि बाणानं वळसा घालता येत नाही अशी जागा असली, तर तिथं पोरं उभी करायची. ही युक्ती त्याचीच. भेगाळल्या भिंतीपुढं मास्तर उभा केला तर साहेबाला वास येतो. तिथंच दुसरीची पोरं कवायत करायला लागली की साहेब हसतो आणि म्हणतो, वा, छान.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा चार हात तुटलेला होता. धनाजीनं तिथं स्वागताचा फ्लेक्स ताणून बांधला आणि पुढं सहा मुलींची रांग लावली. शेवटची अंकिता. तिसरीतली, सर्दीनं नाक चोंदलेली, लाल रिबिनी. उभी केल्यावर दोनच मिनिटांत तिनं विचारलं होतं, "सर, हालू का?"

"मी सांगस्तवर हालायचं न्हाय. शाणी की न्हाय तू?"

ती शहाणी होती. व्हिजिट झाली, साहेब छान म्हणाला, फोन बंद झाला. समदा स्टाफ ऑफिसात पळाला, पेढ्यांचा पुडा सुटला. घंटा झाली तशा पाच पोरी पांगल्या. अंकिता उभीच राहिली, कारण सरांनी सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटं तरी उभी असेल. मग पाय दुखले असतील. मागं भिंत असावी तशी ती फ्लेक्सला टेकली.

खालनं आवाज आला तेव्हा धनाजीच्या हातात अर्धा पेढा होता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच पोर वारली. आठव्या दिवशी शाळेचं प्रमाणपत्र पोर्टलवर आलं. चौकशी झाली. फ्लेक्स कार्यक्रमाचा होता असं संस्थेनं लिहून दिलं. धनाजीचं नाव कुठंच नव्हतं. तो त्या शाळेच्या हजेरीपटावर नव्हता, पगारपत्रकावर नव्हता. कुणीतरी येऊन विचारील म्हणून तो महिनाभर घरात बसून राहिला. दारावर दुधवाला यायचा, लाईट बिलवाला यायचा. विचारायला कुणी आलंच नाही.

त्यानंतर ते सुरू झालं. अंधारात भ्यायचं म्हणावं तर तसंही नाही. लख्ख उन्हात, अकरा-बाराच्या सुमाराला, शाळेच्या फरशीवर खडू घेऊन वाकला की पाठीमागनं, अदबीनं, चोंदलेल्या नाकातनं यायचं, "सर, हालू का?" सुरवातीला तो वळून बघायचा. मग वळायचं सोडलं. एकदा कुणी नाही बघून तो बोललाही, हाल की बाई, हाल. मग पुन्हा तेच. जणू ऐकूच गेलं नव्हतं. त्याच्या त्या वेळच्या शब्दावर ती अजून उभी होती, आत्ताचा शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

त्यानं पोरं उभी करायचं बंद केलं. आणि दोन वर्षांत तो कशालाच पाठ टेकून बसला नाही. एसटीत बसला तरी सीटच्या कडेला, पुढं झुकून. कंबर धरलीय का, म्हणून बायकोनं दोनदा तेल गरम करून दिलं. त्यानं मुकाट्यानं चोळून घेतलं.

आता हा हौद. सोलापूरला नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी, त्यामुळं दर शाळेला जमिनीत हौद लागतोच, आणि दोनशे दहा पोरांच्या शाळेचा हौद म्हणजे चांगला दीड पुरुष खोल. मागच्या अंगणात, मुलींच्या संडासाच्या वाटेवर. लोखंडी झाकण गंजून एका बाजूनं खचलेलं, ते काढून टाकलेलं. वर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर हिरवी मॅटिंग. नवं झाकण वेल्डिंगवाला शुक्रवारी देणार. आज बुधवार.

सबिहा मॅडम अंगणात आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका. सकाळपासनं चहासुद्धा घेतला नव्हता त्यांनी.

"धनाजीभाऊ, पोरींना का हाकललं तुम्ही?"

"मॅडम, वाट दुसरीकडनं नेऊ."

"दुसरी वाट आहे का? संडास दाखवायलाच लागतात. हौद मध्येच आहे."

"मग सांगू की साहेबाला. झाकण शुक्रवारी येणार हाय म्हणावं."

"आणि ते काय म्हणतील? बरं, सावकाश आणा, असं?" मॅडम हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मान्यता लांबली तर प्रवेश थांबतात, भाऊ. अकरा शिक्षिका आहेत माझ्याकडं. दोन मिनिटं पोरी उभ्या राहिल्या तर काय झिजतात का?"

"पोरं न्हाय," धनाजी म्हणाला. "लागलं तर फोन दुसऱ्याकडं द्या."

दुसरं कुणी फोन धरणारं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, कुंड्या ठेवा. धनाजीनं स्वतः सहा कुंड्या वाहून आणल्या आणि हौदाभोवती गोल लावल्या. शरणम्मानं तुळस पुढं सरकवली, म्हणाली, "बघा, लगीनघरच वाटतंय की."

अकराला फोन लागला. साहेबाचा चेहरा काही दिसला नाही, नुसतं नाव आणि आवाज. "हं, सुरू करा." धनाजी निघाला. बाजूला मॅडम, बोलायला. वर्ग झाले. ग्रंथालय झालं. सिलिंडरवरची तारीख साहेबानं जवळ आणून वाचायला लावली, ती बरोबर निघाली. शेजारच्या गल्लीतनं मागांचा खडखडाट येत होता, तेवढ्यात साहेब म्हणाला, "तो आवाज कसला?" मॅडम म्हणाल्या, "सर, चादरींचे माग आहेत." "असू द्या, असू द्या."

शेवटचा बाण अंगणाचा. धनाजी वळला.

कुंड्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. हौदावर चार पोरी उभ्या होत्या, हातात गुलाब. सगळ्यांत बारकी, पहिलीतली हुस्ना, बरोबर मधोमध, मॅटिंगवर. धनाजीनं मॅडमकडं बघितलं. मॅडम फोनकडं बघत होत्या.

त्यानंही फोनकडं बघितलं. अंगणात पोरी चार होत्या. काचेवर पाच दिसत होत्या. पाचवी कडेला, जरा मागं, एक रिबीन सुटलेली.

"सर, हालू का?"

"हाल," धनाजी म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "हाल बाई, हाल! समद्या हाला तितनं! व्हा बाजूला!"

"काय म्हणालात?" साहेब म्हणाला. "आवाज तुटतोय."

पोरी हलल्या नाहीत. त्यांना मॅडमनी सांगितलं होतं हलायचं नाही म्हणून. चौघींनी मॅडमकडं बघितलं, आणि हुस्नानं तर छाती आणखीन पुढं काढली. प्लायवूड बारीक कुरकुरलं. धनाजीनं फोन काखेत दाबला, ढांगा टाकत गेला आणि हुस्नाला बखोट्याला धरून अलगद उचलून बाजूला ठेवली. बाकीच्या तिघी आपोआप मागं सरकल्या. इकडं साहेबाला एवढा वेळ धनाजीच्या शर्टाचा घाम दिसत असणार. "हॅलो? हॅलो?" काखेतनं आवाज येत होता.

धनाजीनं मॅटिंग ओढली. प्लायवूड पायानं सरकवलं. मग फोन काखेतनं काढून, पुसून, त्यानं सरळ खाली धरला.

"साहेब, हा हौद हाय. झाकण मोडलंय. आत पाणी हाय, दीड पुरुष."

पलीकडनं किबोर्डची टकटक आली. "नोंद घेतली. पुढं दाखवा. संडास कुठल्या बाजूला?"

एवढंच. साहेब ओरडला नाही, काही नाही. संडास बघितले, हात धुवायचा नळ सोडून दाखवायला सांगितला, आणि म्हणाला, "एक त्रुटी आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा व्हिजिट. पूर्ततेचा फोटो अपलोड करा." फोन बंद झाला.

मॅडम शाळेत कधी घरची दखनी बोलत नसत. आता बोलल्या. "क्या करको बैठे जी तुमे! दो मिनट का काम था! दो मिनट!" मग त्या मराठीवर आल्या. "उद्यापासून कुठल्या शाळेनं तुम्हाला फोन केला तर मला सांगा. मीच सगळ्यांना सांगते, बघा."

"सांगा," धनाजी म्हणाला. "पण मॅडम, कुंड्या कुणी उचलल्या?"

मॅडम आत गेल्या. ऑफिसचं दार आपटलं नाही, हळूच लागलं. धनाजीला तेच जास्त लागलं.

हुस्ना रडत होती. तिचा गुलाब हौदात पडला होता आणि तिला व्हिडिओत यायचं होतं. "मी हालले पण नव्हते," ती हुंदके देत म्हणत होती. "मी हालले पण नव्हते ना." शरणम्मानं तिला जवळ घेतलं, नाक पुसलं, वर्गात सोडून आली. आल्यावर तिनं विचारलं, "हाल बाई, असं कुणाला म्हणलासा, अण्णा?"

"एक हुती."

"आता गेली का?"

धनाजीनं कान दिला. पलीकडं माग खडखडत होते, वर्गात कुणीतरी सातचा पाढा म्हणत होतं. त्या सगळ्याच्या खालनं, कडेच्या कुंडीपाशी, चोंदलेल्या नाकाचा श्वास होता. विचारत होती.

"न्हाय," तो म्हणाला.

शरणम्मानं दोन बाक ओढत आणले, हौदाच्या दोन्ही बाजूंना आडवे लावले आणि बादली घ्यायला गेली.

धनाजीनं पिशवीतनं टेप काढला. हौदाच्या काठावर उकिडवा बसून एक बाजू मोजली, आकडा तळहातावर पेननं लिहिला, आणि खांद्यावर फोन दाबून वेल्डिंगवाल्याला लावला. "कोण? मी धनाजी बोलतोय, शाळेतनं. शुक्रवार न्हाय चालत. आजच पाहिजे. लांबी लिव्ह, साडेतीन फूट. कडी दोन लाव, आणि कुलपाला जागा ठिव. व्हय, मी हितंच हाय, झाकण बसंस्तवर हितनं हालत न्हाय. थांब, रुंदी सांगतो."

आणि तो उठून दुसऱ्या बाजूला टेप लावायला गेला.