मास्तरांचा मेन स्विच

आमच्या प्रशिक्षण केंद्रात लेथवर लोखंड कातायला शिकवणाऱ्या मास्तरांना मुलं पाठीमागे ‘मेन स्विच’ म्हणायची. मी एकदा ही चहाडी त्यांच्या कानावर घातली, तर नुसते हसले. “खोटं काय आहे त्यात?” म्हणाले. मी तिथला स्टोअरकीपर. हत्यारं देणं, परत घेणं आणि मास्तरांच्या वाट्याचा चहा पिणं हे माझं काम.

संध्याकाळी वर्कशॉप रिकामं झालं की मास्तर सगळ्या यंत्रांवरून फडकं फिरवायचे, खिडक्या लावायचे आणि दाराशी येऊन भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढायचे. मग तो नीट बसलाय ना, हे दोनदा हिसका देऊन बघायचे. तरुणपणी ते ज्या कारखान्यात होते तिथे तारा जळून त्यांच्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले होते. आदल्या संध्याकाळी शेवटचे बाहेर पडले होते ते मास्तर, आणि मेन स्विच चालूच राहिला होता. तुझा दोष नाही असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांच्या हाताने ते कधी ऐकलं नाही. घरीही तोच खाक्या. मास्तरीणबाई म्हणायच्या, “एक दिवस हे मलासुद्धा बंद करून निघतील.”

बहीण गेल्यावर तिची मुलगी मास्तरांकडेच वाढली. स्वतःला मूल नाही, त्यामुळे भाचीवर जीव. ती लेथ शिकायला आली ती मामामुळे नाही, स्वतःच्या हट्टाने. घरी ‘मामा’ आणि वर्कशॉपमध्ये ‘सर’ असा तिने नियम केला होता. चिडली की तो नियम मोडायची, आणि ती बरेचदा चिडायची.

मग दोन देशांचा करार झाला. फिती कापल्या, भाषणं झाली, मोठ्या लाकडी खोक्यातून कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आला आणि त्याच्याबरोबर तिकडचा एक तज्ज्ञ आला. तो इतका उंच की मुलांनी त्याच दिवशी त्याचं ‘ताडमाड’ असं बारसं केलं. मास्तरांना त्याची भाषा येईना, त्याला मास्तरांची. दोघं यंत्रापुढे उभे राहून मान हलवायचे, अंगठे दाखवायचे, आणि महिन्याभरात सख्ख्या भावांसारखे झाले. भाची मात्र ती भाषा जिद्दीने शिकली. कारण या यंत्रावरची परीक्षा तिकडच्या परीक्षकासमोर पास झाली, की तिकडच्या कारखान्यात सरळ नोकरी. तिच्यासाठी एका कारखान्याने जागा धरूनसुद्धा ठेवली होती. अडचण एकच. तिकडे वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ती त्यात बसत नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही.

तेवढ्यात कराराची मुदत संपली. नव्या कराराचं घोडं कुठल्या तरी कलमावर अडलं. ते कलम काय होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी आम्ही काय करणार होतो? ताडमाड परत निघाला. जाताना त्याने भाचीकरवी सांगितलं, “हे यंत्र सुरू होताना दर वेळी आमच्याकडून परवानगी घेतं. करार होता तोवर मिळत होती, आता मिळणार नाही. पण चालू आहे तोवर चालेल. वीज गेली तर आतली बॅटरी तासभर धरेल. परीक्षेपर्यंत बंद मात्र करू नका.”

परीक्षक ठरल्याप्रमाणे येणार होती, पण ही शेवटची खेप.

मास्तरांनी दांड्याच्या वर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘बंद करू नये’. पण कागद डोळ्यांसाठी असतो, आणि त्यांचा हात त्या दांड्याकडे डोळ्यांना न विचारताच जायचा. हे त्यांना चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी वर्कशॉपची किल्ली भाचीच्या हवाली केली. रोज संध्याकाळी ते आधीच बाहेर पडायचे, हात पाठीमागे गुंफून. मी चिडवलं, “मास्तर, हात बांधून ठेवू का?”

“ठेव बाबा,” ते म्हणाले. त्यांना हसू आलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भाचीने सरावाचा शेवटचा नग काढला. मास्तरांनी मापं घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. पोरीचे डोळे लाल झाले होते. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. मास्तर म्हणाले, “जा घरी. जेव आणि झोप काढ. इथलं मी बघतो.”

“आणि किल्ली, मामा?”

“मी आहे ना.”

सकाळी मी पोचलो तेव्हा मास्तर यंत्रापुढे उभे होते. पडद्यावर एक रिकामा चौकोन होता आणि त्यात एक रेघ लुकलुकत होती. यंत्र परवानगीचा आकडा मागत होतं.

“आत आल्यावर मी दांडा वर केला,” मास्तर मला म्हणाले. “वर केला तेव्हा कळलं, की तो खाली होता.”

भाची आली, तिने पडदा पाहिला, मामाकडे पाहिलं आणि फोन घेतला. प्राचार्यबाईंनी वरच्या कार्यालयात विचारलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांकडे बोट दाखवलं. ताडमाड फोनवर सापडला, पण त्याची त्या खात्यातून बदली झाली होती. तरी बिचाऱ्याने धावाधाव केली आणि परत फोन केला. भाची कानाला फोन लावून एकेक वाक्य आम्हाला सांगत होती. “तो म्हणतो, करारावर सही नाही, तर आकडा देता येत नाही. तो म्हणतो, त्याने सगळ्यांना विचारलं.” मग ती थांबली. “मामा, तो तुमची माफी मागतोय.”

“त्याने कशाला?” एवढंच मास्तरांच्या तोंडून निघालं.

परीक्षक आली. चांगली बाई होती, हेच वाईट. मला कुणावर तरी तोंड टाकायचं होतं आणि टाकण्यासारखा एकही माणूस समोर नव्हता. परीक्षेसाठी केंद्राला मिळणारा दुभाष्या करारासोबतच गेला होता, त्यामुळे तिचं बोलणंही भाचीलाच सांगावं लागलं. “ती म्हणते, तिच्या हातात काही नाही.”

“तिला म्हण, एक दिवस थांबा.”

“तिचं विमान आहे, मामा.”

मास्तरांनी खिशातून कालचा नग काढला आणि तळहातावर धरून तिच्यापुढे केला. “हा बघा. हिनेच केलाय. माझ्यासमोर.” बाईने तो फिरवून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं, काहीतरी बोलली आणि हळूच परत त्यांच्या हातात ठेवला.

“काय म्हणाली?”

“सुंदर आहे म्हणाली,” भाची म्हणाली. “पण तिच्या डोळ्यांदेखत केलेला लागतो.”

दुपारपर्यंत सगळी आकड्याची वाट बघत बसली. मग बाई गेली, बाकीची मुलं कुरकुरत गेली. मास्तर तिथेच स्टुलावर बसून राहिले. मी चहा आणला, तो निवला.

संध्याकाळी भाचीने सगळ्या यंत्रांवरून फडकं फिरवलं, त्या यंत्रावरूनसुद्धा. खिडक्या लावल्या. मास्तर उठले आणि दाराशी आले, पण त्यांचा हात वर जाईना. दोन्ही हात खिशात घालून ते भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

भाचीने तो कागद काढला, घडी करून कचऱ्यात टाकला. मग दांडा खाली ओढला आणि त्याला दोनदा हिसका दिला.

“चला मामा,” ती अंधारात म्हणाली. “मी बघितलंय. बंद आहे.”